गळाला न लागणारा मासा

लहानशा तळ्यातले मासे एकाएकी गळाला लागेनासे झाले तर काय करावे, हा प्रश्न तत्त्वचिंतनासाठी घेण्याजोगा आहे असे प्रथमदर्शनी कोणाला वाटणार नाही. तो काठावर बसलेल्या रिकाम्या माणसाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर आमिषे विकणाऱ्या दुकानदाराने द्यावे, असेच कोणीही म्हणेल. तथापि काही प्रश्नांचा आवाका लहान असतो आणि त्यामुळेच ते स्वच्छ दिसतात. समुद्रावर माणूस काय करतो याचा हिशेब सहजी लागत नाही. समुद्र अफाट, जाळी टाकणारे हात असंख्य, आणि दोष नेमका कोणाच्या पदरात घालावा हे कळत नाही. एक-दोन एकरांच्या तळ्यात मात्र करणारा बहुधा एकच असतो, ज्यांच्यावर त्याची सत्ता चालते ते जीव मोजके असतात, आणि केल्याचा परिणाम दोन-तीन उन्हाळ्यांत त्याच्या डोळ्यांपुढे येऊन उभा राहतो. नीतीच्या प्रश्नांना अशी प्रयोगशाळा क्वचितच लाभते.

हा प्रश्न ज्या माशासंबंधी विशेष विचारला जातो तो म्हणजे अमेरिकेतील बास. मोठ्या तोंडाचा, हिरवट अंगाचा, कुशीवर काळसर पट्टा असलेला हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा. तो भक्ष्याचा चावा घेत नाही. पाणवनस्पतींच्या आडोशाला तो दबा धरून राहतो, जबडा एकदम उघडतो आणि पाण्याच्या लोंढ्याबरोबर भक्ष्य आत ओढून घेतो. नको असलेली वस्तू तितक्याच चपळाईने तो थुंकूनही टाकतो. त्याच्याबरोबर तळ्यात ब्लूगिल नावाचा एक चपटा, लहान मासा असतो. ब्लूगिलची पिले बासचे अन्न, आणि संधी मिळाली तर बासची अंडी ब्लूगिलचे अन्न. एवढ्या दोन जातींवर अशा तळ्याचा सारा संसार चालतो.

हा संसार निसर्गाने मांडलेला नाही, ही गोष्ट प्रथम लक्षात घेतली पाहिजे. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील शेतजमीन पावसाने वाहून आणि वाऱ्याने उडून जाऊ लागली. तेव्हा ओढ्याओहोळांना लहान बांध घालून पाणी अडवण्याची चळवळ तेथे सुरू झाली आणि पुढे अशी लक्षावधी शेततळी निर्माण झाली. त्यांत मासे कोणते सोडावेत, किती सोडावेत आणि किती काढावेत याचा शास्त्रशुद्ध विचार अलाबामातील ऑबर्न येथे होमर स्विंगल यांनी केला. १९४२ मध्ये त्यांनी व ई. व्ही. स्मिथ यांनी शेततळ्यांच्या व्यवस्थेवर एक पुस्तिका लिहिली. एका बासमागे साधारण दहा ब्लूगिल हे प्रमाण त्यांच्याच कामातून पुढे सर्वत्र रूढ झाले. स्विंगल यांच्यापुढे शेतकऱ्याचे ताट होते. गरीब कुटुंबाला घरच्या तळ्यातून चार घास मिळावेत, हा त्या खटाटोपाचा हेतू होता. १९३२ मध्ये जॉर्जियातील जॉर्ज पेरी नावाच्या तरुणाने २२ पौंड ४ औंस वजनाचा बास धरला. तो विक्रम आजवर कोणी लक्षात घेण्याजोग्या फरकाने मोडलेला नाही, आणि तो मासा पेरीच्या घरच्या मंडळींनी शिजवून खाल्ला. मंदीचा काळ होता. विक्रमापेक्षा जेवण महत्त्वाचे होते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मासे गळाला लागेनासे का होतात? काही कारणे ऋतूची असतात. मासा थंड रक्ताचा प्राणी आहे. पाणी गारठले की त्याची पचनशक्ती मंदावते आणि भूकही मंदावते. भर उन्हाळ्यात तळाच्या पाण्यातला प्राणवायू संपतो, वरचे पाणी तापते, आणि मासा दुपारभर सावली धरून निपचित राहतो. कधी तळ्यात ब्लूगिलची पिले इतकी माजलेली असतात की बासला आणखी कशाची गरज नसते. या कारणांवर उपाय सोपा आहे. पहाटे यावे, सांजवेळी यावे, थोडे दिवस थांबावे.

दुसऱ्या प्रकारचे कारण मात्र गळ टाकणाऱ्याने स्वतःच निर्माण केलेले असते. लहान तळ्यात गळाला लागण्याजोगे मोठे बास काही डझनच असतात. त्यांतला प्रत्येक जण एक-दोनदा धरला गेला आणि सोडला गेला की सबंध वस्ती शहाणी होते. मासा विसराळू असतो, ही समजूत आता टिकण्यासारखी नाही. हॉलंडमध्ये बोकेमा या संशोधकाने १९७० मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहेत. पाइक जातीचे मासे धातूच्या फिरत्या आमिषाला एकदा फसले की पुढे ते टाळू लागले. जिवंत मासा आमिष म्हणून लावला तेव्हा मात्र ते पुन्हा पुन्हा फसत राहिले. खोटे काय आहे ते त्यांना शिकता आले. खरे अन्न नाकारणे त्यांना शक्य नव्हते, कारण ते नाकारणे म्हणजे उपाशी मरणे.

हा प्रयोग वाचताना मनात एक प्रश्न उभा राहतो आणि तो सहजासहजी हटत नाही. मासे गरवणारा म्हणतो की हा डाव आहे. माझी युक्ती एका बाजूला, माशाची सावधगिरी दुसऱ्या बाजूला. डाव म्हटला की प्रतिपक्षाला जिंकण्याची सोय हवी, निदान डाव सोडून उठण्याची तरी हवी. खोटे आमिष ओळखून मासा दूर राहिला म्हणजे त्याने आपल्या परीने 'नाही' म्हटले. त्यावर गरवणारा दोरी अधिक बारीक करतो, आमिष अधिक लहान करतो, ते अधिक सावकाश ओढतो, आणि अखेर जिवंत गांडूळ लावतो. म्हणजे माशाचा नकार तो युक्तीने जिंकत नाही. नकार देणे जेथे अशक्य आहे अशा ठिकाणी तो माशाला गाठतो. भुकेच्या बाजूने केलेल्या या चढाईला डाव म्हणावे काय? पोटासाठी मासे मारणाऱ्याला हा प्रश्न लागू नाही, कारण तो डाव खेळत असल्याचे सांगतच नाही. ज्याने 'खेळ' हा शब्द निवडला त्याला मात्र तो शब्द बांधून टाकतो.

आपल्या परंपरेने या घटनेकडे पाहिले आहे ते निराळ्या बाजूने. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले आहेत, त्यांत मासाही आहे, आणि नाथांनी एकनाथी भागवतात तो मराठीत आणला. जिभेच्या लालसेने मासा गळ गिळतो आणि मरतो, म्हणून रसनेला जिंकावे, हा त्याचा बोध. आपल्या नेहमीच्या बोलण्यातही हेच मुरले आहे. 'गळाला लागला' असे आपण म्हणतो तेव्हा त्यात लागणाऱ्याच्या हावरेपणाची थोडी कुचेष्टा असते. गळ टाकणाऱ्याबद्दल त्या वाक्प्रचारात चकार शब्द नाही. साधकाला स्वतःकडे पाहायला शिकवायचे असेल तर हा दृष्टान्त उत्तमच आहे. परंतु खऱ्याखुऱ्या माशाच्या बाबतीत तो न्यायाचा आहे काय, हे तपासून पाहिले पाहिजे.

वसंत ऋतूत पाणी थोडे ऊबदार झाले की बासचा नर उथळ पाण्यात शेपटीने तळ झाडून एक वाटोळा खळगा करतो. मादी त्यात अंडी घालते आणि निघून जाते. पुढचे सारे नराकडे. अंड्यांवरून तो हलत नाही, शेपटीने पाणी खेळते ठेवतो, आणि पिले बाहेर पडल्यावरही काही दिवस, कधी काही आठवडे, त्यांच्याभोवती फिरत राहतो. या काळात तो जवळजवळ अन्न घेत नाही. पण खळग्याजवळ जे येईल त्यावर तो तुटून पडतो, आणि म्हणून याच दिवसांत तो गळाला सर्वांत सहज लागतो. त्याला दहा मिनिटे जरी पाण्याबाहेर ठेवून त्याचे कौतुक केले, तरी तेवढ्यात टपून बसलेले ब्लूगिल खळगा साफ करून टाकतात. हा मासा जिभेच्या लालसेने फसला असे कोण म्हणेल? त्याला गळाने पकडले ते पितृत्वाच्या जागी.

इलिनॉय संस्थानात रिज लेक नावाचे एक प्रायोगिक तळे आहे. तेथे १९७० नंतरच्या दशकात संशोधकांनी चार वर्षे प्रत्येक धरलेल्या बासची नोंद ठेवली, प्रत्येकाला खूण केली आणि सोडून दिले. मग तळे रिकामे केले. सतराशेहून अधिक मासे निघाले, आणि त्यांतले सुमारे दोनशे असे होते की चार वर्षांत ते एकदाही गळाला लागले नव्हते. उलट एक मासा एकाच वर्षात सोळा वेळा धरला गेला होता. सहज लागणाऱ्यांची आणि न लागणाऱ्यांची प्रजा त्यांनी पुढे वेगवेगळी वाढवली, आणि डेव्हिड फिलिप व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये जाहीर केले की हा फरक पिढ्यान्पिढ्या उतरत जातो. २०१२ मधील आणखी एका अभ्यासात असे दिसले की सहज गळाला लागणारे नर हेच पिलांची राखण अधिक निकराने करणारे असतात. याचा अर्थ गंभीर आहे. ज्या तळ्यात गळ सतत पडतो त्या तळ्यात सावध, अंग राखून असणारे मासे उरतात आणि चांगले बाप कमी होत जातात. तळे गप्प झाले म्हणून काठावरचा माणूस कुरकुरतो. ती गप्प पिढी त्यानेच निवडून काढलेली असू शकते.

यावर एक उत्तर तयार असते: आम्ही मासा मारत नाही, सोडून देतो. हे उत्तर हसण्यावारी नेण्याजोगे नाही. अमेरिकेत ली वुल्फ यांनी १९३९ मध्येच सोडून देण्याचा पुरस्कार केला होता, आणि बासच्या स्पर्धा सुरू करणाऱ्या रे स्कॉट यांनी १९७२ पासून मासे जिवंत परत सोडण्याचा प्रघात पाडला. त्यापूर्वी स्पर्धांत माशांचे ढीग पडत. मोठ्या नद्यासरोवरांत या प्रघाताने पुष्कळ मासे वाचले यात शंका नाही. माणसाने आपल्या हव्यासाला स्वतः होऊन घातलेले बंधन म्हणून त्याला नैतिक मोलही आहे.

परंतु लहान तळ्यात याच सद्गुणाचे पुढे काय होते ते पाहण्यासारखे आहे. तळ्याचा मालक प्रत्येक बास प्रेमाने सोडून देतो. बास वाढत जातात, ब्लूगिलची पिले त्यांना पुरेनाशी होतात. एक पौंड वजन चढवायला बासला सुमारे दहा पौंड मासे खावे लागतात, असा तज्ज्ञांचा ठोकताळा आहे. अन्न तितके नसले की सारी वस्ती आठ ते बारा इंचांवर खुंटते. डोके मोठे, अंग चिमटलेले, पोट खपाटीला, असे मासे तळ्यात दाटीने फिरतात. म्हणून मत्स्यतज्ज्ञ मालकाला सांगतात, की दर वर्षी लहान बास काढा. सुपीक तळे असेल तर एकरी वीस-पंचवीस पौंड काढा, आणि खा. अनेक मालकांना हा सल्ला रुचत नाही. आपण दयाळू आहोत ही भावना त्यांना सोडवत नाही, आणि त्या भावनेचे मोल सबंध तळे उपासमारीने चुकते करीत असते.

दया मोजावी कशाने, हा प्रश्न येथे निकराला येतो. करणाऱ्याच्या मनात उठलेल्या कोमल तरंगाने मोजली तर मासा सोडणारा मालक दयाळू आहे. ज्याच्यावर दया केली त्याच्या अवस्थेने मोजली तर तो निष्काळजी आहे. आपण बहुधा पहिलेच माप वापरतो, कारण ते आपल्याजवळच असते. दुसरे माप वापरायचे तर पाण्यात काय चालले आहे हे समजून घ्यावे लागते, नोंद ठेवावी लागते, आणि कधी नको असलेले कामही करावे लागते.

सोडून देणे ही कृती आपल्या अंगी काही पुण्य घेऊन येत नाही, हे निरनिराळ्या देशांच्या कायद्यांवरूनही दिसते. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून, सोडून देण्याच्याच हेतूने मासा धरणे निषिद्ध आहे. खाण्याचा हेतू नसेल तर त्या जिवाला यातना देण्याचा अधिकार तुम्हाला कोठून आला, असा त्या कायद्याचा रोख आहे. जपानची गोष्ट याहून वेगळी. तेथे बास १९२५ मध्ये अमेरिकेतून आणून आशी सरोवरात सोडला गेला, आणि पुढे इतरत्र पसरून देशी माशांच्या मुळावर उठला. म्हणून बिवा सरोवर ज्या शिगा प्रांतात आहे तेथे २००३ पासून धरलेला बास पुन्हा पाण्यात सोडण्यास मनाई आहे. तोच मासा, तोच हात, तेच सोडणे. एके ठिकाणी शिष्टाचार, दुसरीकडे क्रौर्य, तिसरीकडे भोवतालच्या जीवसृष्टीचा अपराध. कृतीचा नैतिक अर्थ ती ज्या पाण्यात घडते त्या पाण्यावरून ठरतो.

येथे दोन बाजूंनी आक्षेप येतील. पहिला आक्षेपक म्हणेल, माशाला यातना होतात हेच मुळी सिद्ध व्हायचे आहे. २००३ मध्ये लिन स्नेडन यांनी ट्राउट माशाच्या ओठाभोवती इजेची जाणीव घेणारे मज्जातंतू दाखवून दिले. ती जाणीव म्हणजे आपल्या अर्थाने वेदना नव्हे, असे म्हणणारे शास्त्रज्ञही आहेत, आणि तो वाद मिटलेला नाही. पण ज्याबद्दल शंका आहे त्याबाबतीत, केवळ करमणूक पणाला लागलेली असताना, शंकेचा फायदा कोणाला द्यावा? उपजीविका पणाला लागली असती तर उत्तर कदाचित वेगळे आले असते. गमतीसाठी मात्र तो माशालाच दिला पाहिजे. गंमत बुडाली तर फारसे काही बुडत नाही.

दुसरा आक्षेपक अहिंसेच्या बाजूने येईल आणि म्हणेल, की मग गळच फेकून द्या, तळे आपल्या वाटेने जाऊ द्या. या आक्षेपापुढे मस्तक लवते. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात ठराविक तिथींना मासे मारण्यास व विकण्यास मनाई आहे. आपल्या किनाऱ्यावरचे कोळीही पावसाळ्यात होड्या ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन मगच पुन्हा पाण्यात जातात. थांबणे हा मासेमारीचाच एक भाग आहे, हे त्या रिवाजाने जपले आहे. तथापि समुद्र आपला आपण सावरतो. बांध घालून, दोन जाती मोजून सोडून केलेले तळे तसे सावरत नाही. त्यातल्या जिवांना कोठे निघून जाता येत नाही. त्यांचे अन्न, त्यांची संख्या, त्यांची दाटी हे सारे कोणीतरी ठरवलेले आहे. ज्याने ते ठरवले त्याने पुढे 'मी काही करत नाही' असे म्हणून हात झटकले, तर ते न करणेही त्याच्याच खात्यावर मांडले जाईल. रानातल्या हरणाला न मारणारा अहिंसक खरा. दावणीला बांधलेल्या गुराला वैरण न घालणाऱ्याला तो शब्द लावता येत नाही.

मग त्या काठावरच्या माणसाने करावे काय? त्याला सांगण्यासारख्या गोष्टी थोड्या आणि साध्या आहेत. मासे लागेनासे झाले की आधी काठी खाली ठेवावी आणि तळे पाहावे. थंडीने वा उन्हाने गप्प असेल तर थांबावे. विणीचे दिवस असतील तर खळग्यावरच्या नराला हात लावू नये, तो कितीही सहज मिळत असला तरी. मासे हुशार झाले असतील तर त्यांच्या हुशारीचा मान राखून तळ्याला महिना-दोन महिने विसावा द्यावा. आणि मासे रोडावले असतील तर लहान बास काढावेत, लवकर मारावेत आणि घरी नेऊन खावेत. ते काम हौसेचे मानू नये आणि पापाचेही मानू नये. कर्तव्यातला जड भाग प्रत्येक मालकाच्या वाट्याला येतोच.

या साऱ्यात करमणुकीला जागा उरते का, असे कोणी विचारील. सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये मत्स्यविनोदही सांगितला आहे; म्हणजे हा आनंद जुना आहे, आणि तो वाईटच आहे असे म्हणण्याचा उतावळेपणा येथे करायचा नाही. पहाटेचे पाणी, हातातल्या दोरीला बसलेला पहिला हिसका, या गोष्टींनी माणूस मोहरतो हे समजण्यासारखे आहे. पण ज्यांना पळून जाता येत नाही अशांच्या सहवासात मिळणारा आनंद काही बांधिलकी घेऊनच येतो. आपण बांधलेल्या कुंपणाच्या आत कोणी गप्प झाले, तर त्याला पुन्हा कसे बोलते करावे ही विद्या आपण फार लवकर शिकतो. ते गप्प का झाले हे विचारायला वेळ लागतो, आणि तो वेळ काठावर हात बांधून बसून काढावा लागतो. मासे गरवणाऱ्याला तसे बसण्याची सवय असतेच. तेवढी सवय त्याच्या उपयोगी पडावी.